चौदावा दिवस : दूरचित्रवाणीवरील नाट्य, विनोद आणि घरातील शोक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच शाळेत मी सहावीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. वर्गातील एका मुलाचे वडील अकस्मात वारले. घरी तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी तो मुलगा दप्तर घेऊन पुन्हा वर्गात येऊन बसला. डोक्यावर केसांची खुंटे नुकती दिसू लागली होती, गणवेश स्वच्छ धुतलेला होता, वह्या नीट लावलेल्या होत्या. मधल्या सुट्टीत मुले नेहमीप्रमाणे डबे उघडून बसली. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्याच राहिल्या. त्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. काय बोलावे हे कुणालाच सुचत नव्हते, एवढेच. शाळा सुटताना त्याचा एक जिवलग मित्र माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, “सर, त्याच्यासमोर हसलं तर चालेल का?”

“चालेल” असे मी म्हणालो खरा. पण का चालेल, हे मला त्या दिवशी सांगता आले नाही. स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने या पुस्तिकेसाठी लिहिण्याचा योग आला तेव्हा त्या अनुत्तरित प्रश्नाची आठवण झाली.

हा प्रश्न विचारणारी मुले मृत्यूशी अपरिचित होती असे नव्हे. रोज संध्याकाळी त्यांच्या घरात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कुणी ना कुणी मरत होते. रुग्णालयाची लांबलचक ओसरी, शस्त्रक्रियागृहाबाहेरचा लाल दिवा, मान हलवीत बाहेर येणारे डॉक्टर, फुटणाऱ्या बांगड्या आणि हार घातलेली तसबीर, हे सारे त्यांना पाठ होते. परंतु चौदाव्या दिवशी शाळेत आलेल्या मित्राशेजारी कसे बसावे, हे त्यांना एकाही मालिकेने दाखविले नव्हते. दूरचित्रवाणी शोकाचे चित्रण कसे करते, तसेच का करते आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. माझे म्हणणे प्रारंभीच सांगतो. नाट्यमय मालिका बहुधा पहिल्या दिवसाचा शोक दाखवितात. चौदाव्या दिवसाचा शोक मात्र, ऐकून नवल वाटेल, काही विनोदी मालिकांनी अधिक जाणतेपणाने दाखविला आहे.

परंपरेची शहाणीव

शोक आणि कला यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. क्रौंचवधाने व्याकूळ झालेल्या वाल्मीकींच्या शोकातूनच श्लोक जन्मला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारतात युद्धाची पर्वे संपताच स्त्रीपर्व येते. विजयाचा उत्सव तेथे नाही; रणभूमीवर आपापली माणसे शोधीत फिरणाऱ्या स्त्रिया आणि गांधारीचा विलाप आहे. युद्ध जिंकून झाले, आता शोक करावयाचा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र पर्व राखून ठेवले पाहिजे, ही महाकवीची दृष्टी होय.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक असे सांगून त्याची बाह्य लक्षणे नोंदविली आहेत. अश्रू आणि विलाप ही त्यांतील पहिली दोन. पण यादी तेथे संपत नाही. तोंडाला कोरड पडणे, चेहऱ्याचा रंग उतरणे, गात्रे शिथिल होणे, निःश्वास, स्मृती हरपणे हीही शोकाचीच लक्षणे त्यांनी सांगितली. या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की पहिली दोन लक्षणे ऐकू येणारी आहेत आणि उरलेली बहुतेक मुकी आहेत. आजच्या मालिकांनी भरताच्या यादीतील पहिल्या दोन गोष्टी उचलल्या आणि बाकीच्या सोडून दिल्या, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

आपल्या लोकाचारातही शोकाला दिवसांचा हिशेब आहे. सुतक, दहावा, अकरावा, बारावा आणि तेरवी. या विधींकडे कोणी श्रद्धेने पाहील, कोणी चिकित्सेने; पण त्यांचे एक सामाजिक कार्य निर्विवाद आहे. या तेरा दिवसांत घर भरलेले असते. कोणी पिठले-भात आणून देतो, कोणी पाहुण्यांच्या अंथरुणांची व्यवस्था पाहतो, कोणी नुसतेच येऊन बसते. दुःख करणाऱ्याला स्वयंपाकाची, दाराची, हिशेबाची चिंता राहू नये अशी ही योजना आहे. महेश एलकुंचवारांच्या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात या तेरा दिवसांची दुसरीही बाजू दिसते. वडील गेल्यानंतर एकत्र आलेले देशपांडे कुटुंब, तेरवीच्या खर्चावरून होणारी ओढाताण, वाटण्यांची कुजबुज आणि त्या साऱ्याखाली दबलेले खरे दुःख. मोठ्याने रडणे हा त्या नाटकातील शोकाचा लहानसाच भाग आहे. बराचसा शोक पैशांच्या आणि कामांच्या बोलण्यात लपलेला आहे.

चौदाव्या दिवशी मात्र पाहुणे गेलेले असतात, सतरंज्या गुंडाळलेल्या असतात आणि घरात प्रथमच शांतता असते. चहाचा एक कप जास्त मांडला जातो आणि मग तो मुकाट्याने उचलून ठेवला जातो. ज्याला आपण वियोग म्हणतो तो येथे सुरू होतो. त्याला विधी नाही आणि मुदतही नाही.

पहिल्या दिवसाचे नाट्य

आम्हां इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांना दूरचित्रवाणीवरील मालिकांची पहिली ओळख दिल्लीहून येणाऱ्या हिंदी कार्यक्रमांतून झाली. घरोघरी मराठी मालिका दिसू लागल्या त्या १९९९ साली ‘अल्फा मराठी’ ही उपग्रहवाहिनी सुरू झाल्यानंतर. तत्पूर्वी १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत एका सामान्य कुटुंबाचे जगणे होते आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. सुषमा सेठ यांनी उभी केलेली दादी प्रेक्षकांना घरच्या आजीसारखी वाटू लागली. तिला कर्करोग झाल्याचे कथानक आले तेव्हा तिला वाचवा, असा आग्रह लोकांनी धरला. एका काल्पनिक म्हातारीसाठी अनोळखी माणसे हळहळली. ही या माध्यमाची खरी शक्ती आहे. नाटकातील पात्र आपल्याला एका रात्रीपुरते भेटते. मालिकेतील पात्र महिनोन्‌महिने आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसते. म्हणून त्याचे जाणे शेजाऱ्याच्या जाण्यासारखे लागते.

शक्ती एवढी मोठी असताना तिचा उपयोग इतका उथळ का होतो? यामागे मालिकानिर्मितीची काही व्यावहारिक कारणे आहेत. ती समजून घेतल्यावाचून केवळ नाके मुरडण्यात अर्थ नाही.

पहिले कारण वेळापत्रकाचे. आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखविल्या जाणाऱ्या मालिकेला प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा क्षण लागतो. मृत्यूची वार्ता हा असा क्षण सहज पुरविते. शोक पुरवीत नाही. वार्ता क्षणात घडते, शोक रेंगाळतो. म्हणून कॅमेरा वार्तेपाशी थांबतो. घरातील प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने जवळून दाखविला जातो, तोच धक्का तीन-तीनदा दिसतो आणि पार्श्वसंगीत गर्जू लागते. दुसरे कारण नटांचे. एखादा कलाकार मालिका सोडून जातो तेव्हा त्याच्या पात्राची कथेतून सुटका करण्याचा सोपा मार्ग म्हणजे अपघात. येथे मृत्यू कथेच्या गरजेतून येत नाही, कराराच्या गरजेतून येतो. साहजिकच त्यामागून येणाऱ्या शोकाची लेखकाला निकड वाटत नाही. तिसरे कारण प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांचे. लोकप्रिय पात्र मारल्याने आकडे घसरणार असतील, तर ते पात्र परत आणले जाते.

‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका ३ जुलै २००० रोजी सुरू झाली आणि पहिल्या फेरीत २००८ पर्यंत चालली. तिच्या सुरुवातीच्या काळातच नायक मिहिर याचा मृत्यू दाखविण्यात आला, प्रेक्षकांत मोठा गहजब झाला आणि मिहिर परत आला. हे केवळ आपल्याकडेच घडते असे मात्र नव्हे. अमेरिकेतील ‘डॅलस’ या गाजलेल्या मालिकेत बॉबी यूइंग हे पात्र १९८५ च्या मे महिन्यात मरण पावले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ते जिवंत परतले आणि मधले सबंध वर्ष हे त्याच्या पत्नीला पडलेले स्वप्न होते, असा खुलासा करण्यात आला. वर्षभर प्रेक्षकांनी पाहिलेला शोक एका सकाळी रद्दबातल झाला.

या जोडीला आणखी एक युक्ती आहे, तिला मालिकावाले ‘लीप’ म्हणतात. कथा एकदम काही वर्षे पुढे उडी घेते. मुले मोठी होतात, तसबिरीवरील हार बदलतो आणि नवे कारस्थान सुरू होते. कथनकलेत कालांतर निषिद्ध नाही. पण ही उडी नेमकी कोठून कोठे मारली जाते ते पाहावे. चितेच्या ज्वाळांपासून ती निघते आणि थेट पुढच्या पिढीच्या लग्नाच्या मंडपात उतरते. मधला चौदावा दिवस, पहिली दिवाळी, रुग्णालयाची बिले, बँकेच्या पासबुकावरील नाव बदलून घेण्याची खेप, हे सारे त्या उडीखाली नाहीसे होते. माझ्या विद्यार्थ्यांना नेमके तेवढेच ठाऊक नव्हते, यात नवल ते काय?

विनोदाच्या घरातील रिकामी जागा

आता विनोदी मालिकेकडे वळू. तिची रचनाच निराळी असते. तिच्यात कथा फारशी पुढे सरकत नाही. तेच घर, तोच सोफा, त्याच सवयी आणि तीच ठरलेली वाक्ये आठवड्यामागून आठवडे येत राहतात. या पुनरावृत्तीमुळे एक गोष्ट घडते. एखादे माणूस गेले की त्याची जागा रिकामी दिसते. नाट्यमय मालिकेत माणूस गेले की कथा पुढे जाते. विनोदी मालिकेत कथेला जायला जागाच नसते. तिला त्या रिकाम्या जागेसमोरच बसावे लागते. यातील उत्तम उदाहरणे इंग्लंड-अमेरिकेतील आहेत; ती आपल्या घरांत फारशी पाहिली गेलेली नाहीत, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

बीबीसीवरील ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ ही मालिका १९८१ मध्ये सुरू झाली. दक्षिण लंडनमधील एका उंच इमारतीत डेल आणि रॉडनी हे दोघे भाऊ आपल्या आजोबांसह राहतात आणि फुटकळ, बहुधा फसणारे धंदे करतात. आजोबांचे काम करणारे लेनर्ड पिअर्स हे नट डिसेंबर १९८४ मध्ये, चौथ्या मालेचे चित्रीकरण चालू असतानाच वारले. त्यांच्या जागी दुसरा नट उभा करता आला असता. लेखक जॉन सलिव्हन यांनी तसे केले नाही. त्यांनी आजोबांची अंत्ययात्राच लिहिली. २८ फेब्रुवारी १९८५ रोजी दाखविलेल्या त्या भागात दोघे भाऊ जड अंतःकरणाने आजोबांची लाडकी टोपी थडग्यात सोडतात आणि मागाहून कळते की ती टोपी धर्मगुरूंची होती! प्रेक्षक हसतात. पण त्यानंतरच्या प्रसंगात, डेल लोकांबरोबर पितो, गप्पा मारतो, हे पाहून धाकटा रॉडनी संतापतो. तू इतक्या लवकर विसरलास कसा, असे तो विचारतो. तेव्हा डेल जे सांगतो त्याचा आशय असा, की मी विसरणे दूरच, माझे दुःख अजून सुरूदेखील झालेले नाही. सगळ्यांनी मला नेहमी खंबीर, हसतमुख म्हणूनच ओळखले. दुसरे कसे वागायचे ते मला येतच नाही.

आपल्यापैकी किती घरांतील थोरल्या भावाचे हे चित्र आहे, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे. भरतमुनींनी म्हटले आहे की थोर प्रकृतीची माणसे शोक धैर्याने आवरतात. ते आवरणे आतून कसे असते, हे त्या विनोदी मालिकेतील फुटकळ विक्रेत्याने काही वाक्यांत सांगितले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. २५ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘द मेरी टायलर मूर शो’ या मालिकेत डेव्हिड लॉइड यांनी लिहिलेला एक भाग दाखविला गेला. दूरचित्रवाणी केंद्रावर काम करणारा एक विदूषक शेंगदाण्याचा पोशाख घालून मिरवणुकीत जातो आणि हत्ती त्याला खरोखरीच शेंग समजून सोलू पाहतो. त्यात त्याचा अंत होतो. बातमी ऐकून कचेरीतील सहकाऱ्यांना हसू आवरेना. एकटी मेरी त्यांना फटकारते. मृत माणसाची थट्टा तिला असभ्य वाटते. पण अंत्यविधीच्या वेळी सगळे गंभीर झालेले असताना हसू फुटते ते नेमके मेरीलाच. ती ते दाबू पाहते आणि तसतसे ते अधिकच उसळते. शेवटी धर्मगुरू तिला म्हणतात की मोकळेपणाने हसा. लोकांना हसविणे हेच तर त्याचे जीवन होते. हे ऐकताच मेरी ओक्साबोक्शी रडू लागते. हसू आणि रडू ही एकाच बांधाच्या मागे साठलेली पाणी आहेत, बांध फुटला म्हणजे कोणते आधी येईल ते सांगता येत नाही, हे एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखविले असेल.

तिसरे उदाहरण ‘मॅश’ या मालिकेचे. कोरियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर सैनिकी डॉक्टरांचे जीवन हसतखेळत रंगविणारी ही मालिका. तिच्यातील लोकप्रिय अधिकारी हेन्री ब्लेक याला घरी परतण्याची परवानगी मिळते आणि सगळे त्याला आनंदाने निरोप देतात. १८ मार्च १९७५ रोजी दाखविलेल्या त्या भागाच्या अगदी अखेरीस, शस्त्रक्रिया चालू असताना निरोप येतो की त्याचे विमान पाडले गेले, कोणीही वाचले नाही. हा शेवटचा प्रसंग बहुतेक नटांनाही चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत सांगितलेला नव्हता. बातमी ऐकल्यावर कोणी किंचाळत नाही. डॉक्टरांचे हात थांबू शकत नाहीत, कारण पुढ्यात जखमी पडलेले आहेत. केवळ हत्यारांचा आवाज येत राहतो. प्रेक्षकांनी निषेधाची पत्रे पाठविली. पण हेन्री परत आला नाही. डॅलसच्या बॉबीला आणि आपल्या मिहिरला जे मिळाले ते त्याला मिळाले नाही. गेलेला माणूस परत येत नाही, एवढे साधे सत्य या विनोदी मालिकेने प्रेक्षकांचा रोष पत्करून पाळले.

मुलांना सत्य सांगणे

या विषयात शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे उदाहरण लहान मुलांच्या कार्यक्रमाचे आहे. अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ या १९६९ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती ‘गली गली सिम सिम’ या नावाने २००६ पासून आपल्याकडेही आली. मूळ कार्यक्रमात मिस्टर हूपर नावाचे एक प्रेमळ दुकानदार होते. त्यांचे काम करणारे विल ली हे नट डिसेंबर १९८२ मध्ये वारले. आता मुलांना काय सांगावे? हूपर दूर गावी राहावयास गेले, असे सांगणे सोपे होते. निर्मात्यांनी बालमानसशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि खरे ते सांगावयाचे ठरविले. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, अमेरिकेतील मोठ्या सणाच्या दिवशी, मुलांजवळ आईवडील घरी असतील असा विचार करून तो भाग दाखविण्यात आला.

त्या भागात बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी, जो मनाने लहान मूलच आहे, आपल्या सर्व मित्रांची चित्रे काढतो आणि वाटतो. हूपर यांचे चित्र हाती घेऊन तो त्यांना शोधू लागतो. मोठी माणसे त्याला सांगतात की ते वारले. मग ते परत आल्यावर देईन, असे तो म्हणतो. तेव्हा त्याला शांतपणे समजावले जाते की मेलेली माणसे परत येत नाहीत. मग आता मला खाऊ कोण करून देईल, गोष्टी कोण सांगेल, असे तो विचारतो. दुकान आता दुसरा मित्र चालवील, आम्ही सर्व तुझी काळजी घेऊ, असे मोठी माणसे सांगतात. असे का व्हावे, या त्याच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र ती काही तत्त्वज्ञान सांगत नाहीत. असेच असते म्हणून, एवढेच उत्तर देतात.

या साध्या प्रसंगामागे मुलांच्या मनाचे अचूक ज्ञान आहे. मारिया नॉज या हंगेरियन संशोधिकेने मुलांच्या मृत्युविषयक कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू हा प्रवासासारखा किंवा झोपेसारखा, म्हणजे परत येण्याजोगा वाटतो; त्याची अटळता आणि अंतिमता साधारणतः नवव्या वर्षाच्या सुमारास उमगू लागते, असे तिला आढळले. पुढील संशोधनाने या वयोमर्यादांत फेरफार सुचविले. परंतु लहान मुलाला ‘परत न येणे’ ही कल्पना शिकावी लागते, हे तथ्य टिकून आहे. म्हणूनच ‘देवाघरी गेले’ किंवा ‘झोपले’ एवढेच सांगून आपण थांबलो तर मूल दाराकडे डोळे लावून बसते. कधी कधी त्याला स्वतःच्या झोपेचीच भीती वाटू लागते. आणि मेलेले पात्र महिन्याभरात परत आणणारी मालिका हीच बालसमजूत मोठ्यांच्या मनातही जागती ठेवते.

दोन्ही बाजूंचा न्याय

एवढ्यावरून विनोद श्रेष्ठ आणि नाट्य कनिष्ठ, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली ‘तमस’ १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली, तेव्हा फाळणीतील वियोगाचे दर्शन सबंध देशाला घडले. मूळ कादंबरीत दंगलीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीत माहिती गोळा करणारा एक कारकून आहे. त्याला केवळ आकडे हवे असतात. किती मेले, किती जखमी, मालमत्ता किती गेली. आणि समोरचा माणूस मात्र आपली गोष्ट सांगू पाहत असतो. शोकाला आकडा नको असतो, श्रोता हवा असतो, हे त्या प्रसंगाचे सार आहे. अमेरिकेतील ‘सिक्स फीट अंडर’ ही २००१ ते २००५ या काळातील मालिका तर अंत्यविधींचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाचीच आहे. वडील पहिल्याच भागात जातात आणि पुढची पाच वर्षे कुटुंब त्यांच्या नसण्याशी बोलत राहते. नाट्याला चौदावा दिवस दाखविता येत नाही असे नाही. घाईत असलेल्या नाट्याला तो दाखविता येत नाही.

उलटपक्षी विनोदही स्वस्त होऊ शकतो. मृत्युपत्राच्या वाचनावरील विनोद, खोटे रडणारे नातेवाईक, तेरवीच्या जेवणावर आडवा हात मारणारे भटजी, हे साचे सर्वांच्या परिचयाचे आहेत. पाश्चात्त्य मालिकांतील आणखी एक साचा म्हणजे शोकाच्या पाच पायऱ्या. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मधील आपल्या ग्रंथात मांडल्या. त्या मुळात स्वतः मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांसाठी तो जिना बांधलेला नव्हता. मालिकांनी मात्र प्रत्येक दुःखी पात्राला त्या जिन्यावरून एकेक पायरी चढविले. त्यामुळे जो माणूस पाचव्या पायरीवरून पुन्हा दुसरीवर येतो, त्याला आपलेच काही चुकले असे वाटू लागते.

१९९९ साली नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी निराळे चित्र मांडले. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन दिशांमध्ये हेलकावे घेत असतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे वळतो, आठवतो, रडतो. कधी जगण्याच्या कामांकडे वळतो, बिले भरतो, स्वयंपाक करतो, हसतोही. हे हेलकावे म्हणजे दुर्बलता नव्हे. ती सावरण्याची रीतच आहे. हा विचार वाचला आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळाले. डेलचे पिणे-बोलणे, मेरीचे हसू आणि मॅशमधील डॉक्टरांचे न थांबलेले हात हे सारे याच हेलकाव्याचे चित्रण आहे.

वर्गात आणि घरात

मग आपण काय करावे? दूरचित्रवाणी बंद करा, असे मी सांगणार नाही; ते कोणी ऐकणारही नाही आणि आता तर मालिका मुलांच्या हातातील फोनवरही आल्या आहेत. पण मुलांबरोबर बसून पाहता येईल आणि एखादा प्रश्न विचारता येईल. या घरात आता सकाळी काय होत असेल? त्या आजोबांची खुर्ची कोणी वापरत असेल का? हे पात्र परत आले, पण खरे माणूस परत येते का? एवढ्या प्रश्नांनीही मालिकेने उडी मारून टाळलेला दिवस मुलाच्या मनात उभा राहतो. वर्गात एखादे मूल शोकातून परतणार असेल, तर शिक्षकाने आदल्या दिवशी बाकीच्या मुलांशी मोकळेपणाने बोलावे. त्याच्याजवळ बसा, त्याचा राहिलेला अभ्यास द्या, तो बोलला तर ऐका, तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प बसा, असे स्पष्ट सांगावे. मुलांना हे आपोआप येते, असे आपण उगीच गृहीत धरतो.

त्या दिवशीच्या मुलाची पुढची हकीकत सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मित्र आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला. काही वेळ दोघेही मुकाट्याने जेवत होते. मग कोणाच्या तरी डब्यातील लाडू निसटला आणि घरंगळत थेट मुख्याध्यापकांच्या पायापाशी गेला. सगळी मुले दचकून त्याच्याकडे पाहू लागली. तो आधी हसला. मग इतर हसले. थोड्या वेळाने त्याचे डोळे भरून आले आणि मित्राने काही न बोलता आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

स्मृतिव्याख्यान हादेखील एका अर्थी चौदाव्या दिवसाचाच संस्कार आहे. ज्यांच्या नावाने आपण दरवर्षी जमतो त्यांचे दिवस-वार केव्हाच उरकले. तरीही आपण येतो, त्यांची एखादी आठवण सांगतो, त्यांच्या एखाद्या लकबीवर हसतो आणि मग एखादा विषय घेऊन विचार करतो. त्यांच्यासमोर हसलेले चालेल का, असे कोणी मला आज विचारले तर मी पूर्वीपेक्षा अधिक खात्रीने सांगेन, की चालेल. मात्र हसून झाल्यावर उठून जाऊ नये. शेजारी बसून राहावे.